बाहेर उभा राहणाऱ्याची हजेरी

तेलाच्या टाकीच्या तोंडाशी दिवसभर उभा राहणाऱ्या माणसाला आत उतरून गाद काढणाऱ्याइतकीच हजेरी द्यायची, हे मला आज पटलेलं आहे. आधी पटत नव्हतं, उलट मी त्याची टिंगल करायचो. कंपनीच्या ऑर्डरमध्ये ‘एक माणूस मॅनहोलवर’ अशी अट आली की मी तिथं एखादा थकलेला म्हातारा नाहीतर नुकतं कामाला लागलेलं पोरगं उभं करायचो. हजेरी अर्धी. वर त्यालाच चहा आणायला, गेटवर चलनावर सही घ्यायला, बादल्या रिकाम्या करायला पिटाळायचो. बसून खाणारा माणूस मला सोसत नाही. आमच्याकडं कुणालाच सोसत नाही.

मी मुखेडचा. आयटीआयचा फिटर. काही वर्षं लातूरच्या एका सॉल्व्हंट प्लांटवर मेन्टेनन्सला होतो, नंतर स्वतःचा ठेका सुरू केला: टाक्या साफ करून देणं. शिरूर ताजबंद–मुखेड–नर्सी या रस्त्यानं पश्चिमेला गेलं की लातूरच्या तेलगिरण्या, पूर्वेला गेलं की कृष्णूरची एमआयडीसी आणि पुढं नांदेड. त्यामुळं गावात राहून दोन्हीकडचं काम करता येतं. माणसं मुखेड, जांब, मुक्रमाबाद या पट्ट्यातली. हीच माणसं एरवी हैदराबाद, निजामाबादला बांधकामावर किंवा ऊसतोडीला जातात. त्यांना माझ्याकडं यायला आवडतं, कारण काम थोड्या दिवसांचं आणि मुक्काम जवळचा. माझ्या टोळीत जवळजवळ सगळे एकमेकांचे कुणी ना कुणी लागतात. हे नातं पुढं महत्त्वाचं ठरणार आहे म्हणून आत्ताच सांगितलं.

आमचं काम कसं चालतं ते ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सोयाबीनचं कच्चं तेल टाकीत पडून राहिलं की त्यातला चिकट गम, थोडं पाणी, पेंडीचे कण आणि पत्र्याचा गंज तळाशी बसतो. त्याला आम्ही गाद म्हणतो. ती वाढली की वरचं चांगलं तेलही आंबूस होतं. म्हणून नवा हंगाम सुरू व्हायच्या आधी, पावसाळ्यात कारखाने देखभालीसाठी थांबतात तेव्हा, टाक्या रिकाम्या करून धुवायच्या असतात. तेल पंपानं काढायचं, वाफ सोडायची, गरम पाणी मारायचं, आणि शेवटी जे उरतं ते माणसानं आत उतरून खोऱ्यानं, घमेल्यानं, रबरी वायपरनं काढायचं. बॉयलरच्या फर्नेस ऑइलची टाकी असली तर तेच काम, फक्त काळं आणि जड. पेट्रोल पंपाच्या जमिनीखालच्या टाकीचं काम निराळं. त्याच्याबद्दल पुढं बोलतो.

आता माझा जुना हिशोब. तीन माणसं आत, एक बाहेर. बाहेरच्याला पूर्ण हजेरी दिली तर मजुरीचा एक चतुर्थांश खर्च काहीच न करणाऱ्यावर जातो. लहान गिरणीचा मालक टनाच्या दरात रुपया-रुपया घासणारा, त्याला हा चौथा माणूस दाखवला की तो म्हणायचा, “कामून? तीनात होत नाही का?” मला त्याचं बरोबर वाटायचं. त्यातून माझी ठाम समजूत अशी होती की सुरक्षिततेचे हे सगळे नियम मोठ्या रिफायनरीसाठी, क्रूडसाठी, पेट्रोलसाठी असतात. आपलं खायचं तेल. जे आपण भाजीत घालतो त्याच्यात विष कुठून येणार? ही समजूत माझी एकट्याची नव्हती. आजही लातूर-नांदेडच्या दहा गिरण्यांत विचारा, नऊ ठिकाणी हेच उत्तर मिळेल.

तेलात विष नसतं, हे खरंच आहे. जीव घेते ती तेलाच्या वरची हवा. हे मला कुणी सांगितलं नव्हतं असं नाही. सॉल्व्हंट प्लांटवर असताना दर काही महिन्यांनी एक साहेब येऊन सांगायचे. सोयाबीनच्या फ्लेक्समधून तेल काढायला हेक्झेन वापरतात. त्याची वाफ हवेच्या तिप्पट जड, आणि हवेत तिचं प्रमाण १.१ टक्क्यावर गेलं की एका ठिणगीवर भडका. ती वर उडून जात नाही, खड्ड्यात, गटारात, टाकीच्या तळाशी बसून राहते. हेक्झेन मला मान्य होतं, तिथं मीही बिडी पेटवू देत नसे. पण तेलाच्या टाकीत हेक्झेन नसतं किंवा नावापुरतं असतं. मग तिथं भीती कसली, असा माझा वाद असे.

जानेवारी २०१७ च्या अखेरीला लातूरच्या एमआयडीसीत एका खाद्यतेलाच्या कारखान्यात टाकाऊ गाळाची टाकी साफ करताना नऊ कामगार गुदमरून मेले. आधी उतरलेले बेशुद्ध पडले, त्यांना काढायला बाकीचे उतरत गेले. त्या रात्री आमच्या भागात फोनवर फोन चालू होते. कुणाचा भाऊ, कुणाचा मेहुणा त्याच एमआयडीसीत कामाला. मीही माझी माणसं कुठं आहेत ते विचारत बसलो होतो.

आणि तरी माझं मत त्या रात्री बदललं नाही. हे कबूल करायला मला सगळ्यात जड जातं. ऐकणाऱ्याला वाटतं की एवढी मोठी घटना घरापासून इतक्या जवळ घडली म्हणजे माणूस तिथंच हलला असेल. मी हललो, दोन दिवस काम बंद ठेवलं, आणि तिसऱ्या दिवशी माझ्याकडं उत्तर तयार होतं: ती सांडपाण्याच्या गाळाची टाकी होती, तेलाची नव्हती. तिथं कुजतं, सडतं, गॅस होतो. आपल्या टाक्या वेगळ्या. शिवाय ते लोक अनुभवी नसतील. दुसऱ्याच्या मरणातून आपण आधी काय शोधतो, तर आपण त्याच्यासारखे कसे नाही आहोत ते.

सांडपाण्याच्या गाळाचं ते खरंच होतं, म्हणून ते उत्तर मला इतकं सोयीचं झालं. तेलगिरणीच्या सांडपाण्यात तेल, साबण, प्रथिनं, आम्ल असं सगळं असतं. ते बंद जागी हवेविना कुजलं की हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. सडक्या अंड्याचा वास तो हाच. हवेच्या दहा लाख भागांत एक भागसुद्धा नसतो तेव्हा नाकाला कळतो. पण प्रमाण शंभराच्या आसपास गेलं की नाकच बधिर होतं. वास येईनासा होतो आणि माणसाला वाटतं गॅस गेला. त्याच्याही वर, सातशे ते हजाराला, एक-दोन श्वासांत माणूस खाली कोसळतो. हातपाय मारायला, ओरडायला वेळ मिळत नाही. वरून बघणाऱ्याला वाटतं पाय घसरला. म्हणून तो उतरतो.

मला माझ्या नाकाचा अभिमान होता. टाकीच्या तोंडाशी डोकं घालून मी सांगायचो, ‘चला, उतरा’. टोळीला ते पुरेसं होतं.

हा अभिमान मोडला तो एका साध्या टाकीवर. टाकी रिकामी होती, आधीच्या हंगामात धुऊन, वाळवून झाकण लावून ठेवलेली. गाद नाही, तेल नाही, वास नाही; आतून फक्त पत्र्याला गंज चढलेला. आम्हाला तो खरवडून द्यायचा होता. कारखान्याच्या नव्या सेफ्टी ऑफिसरनं, वयानं माझ्या पोरासारखा असेल, अडवलं. त्यानं चार गॅस मोजणारं मीटर दोरीला बांधून झाकणातून खाली सोडलं. तोंडाशी ऑक्सिजन २०.९ टक्के, म्हणजे बाहेरच्या हवेइतका. मध्यावर आकडा उतरला. तळाशी सतराच्या आसपास आला आणि मीटर कोकलायला लागलं. १९.५ च्या खाली कुणी उतरायचं नसतं. मी म्हटलं, मीटर बिघडलंय. त्यानं ते वर काढलं, उघड्यावर धरलं, पुन्हा २०.९. पुन्हा सोडलं, पुन्हा तेच.

लोखंड गंजतं म्हणजे ते हवेतला ऑक्सिजन खातं, एवढं मी आयटीआयमध्ये लिहून पास झालो होतो. पण बंद टाकीत पावसाळाभर गंजणारा पत्रा आतली हवाच खाऊन टाकतो, हे त्या वाक्यातून मला कधी दिसलं नव्हतं. तेलाचंही तसंच. करडई आणि जवसाची तेलं हवेतला ऑक्सिजन ओढून सुकतात. जवसाचं तेल रंगात घालतात ते त्याच गुणासाठी. टाकीच्या भिंतीला लागलेला तेलाचा पातळ थर तेच करतो. (जाता जाता: करडईच्या किंवा जवसाच्या तेलानं भिजलेल्या चिंध्या आणि बारदानाचा ढीग कोपऱ्यात टाकू नका. त्याच गुणामुळं तो आतून तापतो आणि आपोआप पेटतो. आमच्याकडं अशा आगींचा आळ नेहमी कुणाच्या तरी बिडीवर येतो.)

ऑक्सिजन कमी झाल्याचा वास येत नाही. दमही लागत नाही, हे मला त्याहून भयंकर वाटलं. आपल्याला गुदमरल्यासारखं होतं ते शरीरात कार्बन डायऑक्साइड साचल्यामुळं. ऑक्सिजन घटला तर शरीर बोंब मारत नाही. माणूस जरा हसरा होतो, हात जड होतात, विचार तुटतो. आपल्याला काहीतरी होतंय हे कळायला जी बुद्धी लागते तीच आधी जाते. म्हणजे आतल्या माणसाच्या अनुभवावर, धीरावर, नाकावर मी जो डोलारा उभा केला होता त्याला आधारच नव्हता. आतला कितीही हुशार असो, त्याला स्वतःची खबर नसते. ती बाहेरच्यालाच असू शकते.

असं मनाशी मान्य झालं, तरी पूर्ण हजेरीपर्यंत मी आलो नव्हतो. मीटर घेतलं. मोठा ब्लोअर घेतला. मला वाटलं, यंत्रं आली, आता माणूस कशाला? हा दुसरा टप्पा, आणि त्यातही काही वर्षं गेली.

ब्लोअरनं मला पहिला धडा दिला. त्याची हवा ओढायची बाजू आमच्या पोरांनी सावली बघून जनरेटरजवळ ठेवली होती. जनरेटरचा धूर सरळ टाकीत चालला होता, कार्बन मोनॉक्साइडसकट. हे मॅनहोलवरच्या म्हाताऱ्यानं पाहिलं आणि ओरडला. अर्ध्या हजेरीचा माणूस. मी ते तेव्हा योगायोग म्हणून सोडून दिलं. पण पुढं लक्ष देऊन बघायला लागलो, तसं दिसत गेलं की टाकीतली बहुतेक संकटं टाकीच्या बाहेर सुरू होतात. कुणीतरी पंप हाऊसमध्ये चुकीचा व्हॉल्व्ह उघडतो आणि शेजारच्या टाकीतलं तेल याच पाइपात येतं. म्हणून व्हॉल्व्ह नुसता बंद करून चालत नाही, फ्लँज खोलून मध्ये पत्र्याची चकती घालावी लागते आणि ती कुणी काढू नये म्हणून लक्ष ठेवावं लागतं. लाइट जाते आणि ब्लोअर थांबतो. आतल्यांना ते कळत नाही, कारण आत एवढा घणघणाट असतो. एखादा शहाणा वेल्डर ‘आत हवा कोंदट आहे’ म्हणून ऑक्सिजनच्या सिलिंडरचा पाइप टाकीत सोडतो. हे मी स्वतः पाहिलंय आणि एके काळी मला ती चांगली युक्ती वाटली होती. ऑक्सिजन वाढलेल्या हवेत तेलकट कपडा कापरासारखा पेटतो.

मग एप्रिल २०२४. नगर जिल्ह्यात, नेवासा तालुक्यातल्या वाकडी गावात, बायोगॅसचा खड्डा म्हणून वापरात असलेल्या जुन्या विहिरीत मांजर पडलं. त्याला काढायला एक उतरला, त्याला काढायला दुसरा, असे पाच जण गेले. त्यांच्यामागून कंबरेला दोर बांधून जो उतरला तो वाचला. त्याला दोरानं वर ओढून घेता आलं. त्याच्या आदल्या वर्षी, मे २०२३ मध्ये, परभणी जिल्ह्यात सोनपेठ तालुक्यातल्या भाऊचा तांडा इथं शौचालयाच्या टाकीत पाच मजूर असेच गेले होते. वाकडीला कारखाना नव्हता, ठेकेदार नव्हता, कंपनीचा हलगर्जीपणा नव्हता, तेलही नव्हतं. ‘आपल्या टाक्या वेगळ्या’ म्हणायला मला जागाच उरली नाही. सगळीकडं घडलेलं एकच: एक पडला आणि त्याच्यामागून माणसं रांगेनं गेली. अमेरिकेतल्या नायोश या सरकारी संस्थेनं १९८६ मध्येच लिहून ठेवलंय की अशा बंद जागांत मरणाऱ्यांपैकी ६० टक्क्यांहून जास्त लोक वाचवायला गेलेले असतात.

त्या दिवसांत वडिलांशी बोलताना पेवाचा विषय निघाला. आमच्या वाड्यात पूर्वी ज्वारीचं पेव होतं. आता बुजवलंय. जमिनीखालच्या त्या बंद कोठारात धान्य श्वास घेत राहतं, ऑक्सिजन संपवतं आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं. वडील सांगत होते, पेवाचं तोंड उघडलं की दिवसभर तसंच ठेवायचे. मग कंदील सोडायचा. कंदील विझला तर कुणी उतरत नसे. आणि उतरणाऱ्याच्या कंबरेला दोर, दोराचं टोक वरच्या दोघांच्या हातात, आणि ते दोघं जागचे हलायचे नाहीत. मी विचारलं, “वरच्यांना ज्वारी कमी मिळायची का?” वडिलांना प्रश्नच कळला नाही. “कमी कामून? ते नसले तर खाली जातंय कोण?”

कंदील मात्र आमच्या धंद्यात चालत नाही हे इथं सांगून ठेवतो. तो ऑक्सिजन दाखवतो, सल्फाइड दाखवत नाही, आणि हेक्झेनमध्ये तर तोच काडी ठरतो.

मी घरी येऊन कारखाने कायद्याचं कलम ३६ काढून वाचलं. १९४८ चा कायदा. भोपाळनंतर, १९८७ मध्ये त्यात मोठे बदल झाले. टाकी, खड्डा, भुयारी पाइप अशा जागी घातक वायू असू शकत असेल तर काय करायचं ते त्यात आहे. एक तर जाणकार माणसानं स्वतः तपासून लेखी दाखला द्यायचा. नाहीतर आत जाणाऱ्यानं श्वसनयंत्र लावायचं, पट्टा घालायचा, पट्ट्याला दोर, आणि दोराचं मोकळं टोक बाहेरच्या माणसाच्या हातात. पुढच्या ३६-अ मध्ये आत न्यायच्या हातदिव्याला २४ व्होल्टची मर्यादा. नोव्हेंबर २०२५ पासून या कायद्याची जागा नव्या श्रमसंहितेनं घेतली आहे, पण दोराच्या टोकाला माणूस हवाच. ज्याची मी टिंगल करत होतो तो कुणा विलायती कंपनीचा चोचला नव्हता. माझ्या आजोबांच्या पेवावरचा माणूस होता.

तेव्हापासून पूर्ण हजेरी. पण पैसे दिले की काम झालं असं नव्हतं, हे पहिल्याच आठवड्यात कळलं. टोळीतला सगळ्यात समजूतदार गडी मी मॅनहोलवर उभा केला, तर तो चिडला. “मामा, मी काय पांगळा हाव का, मला भायेर हुबं करलालाव?” पूर्ण हजेरी घेऊनही त्याला तो कमीपणा वाटत होता. मी त्याला काम समजावलं. आत किती जण आहेत ते खडूनं टाकीवर लिहायचं. दर काही मिनिटांनी प्रत्येकाला नावानं हाक मारायची आणि उत्तर नीट येतंय का ऐकायचं; बोबडं आलं, उशिरा आलं, हसत आलं, तरी सगळ्यांना बाहेर काढायचं. मीटरवर, ब्लोअरवर, व्हॉल्व्हवर नजर. टँकर जवळ येऊ द्यायचा नाही. जागा सोडायची नाही. लघवीला जायचं असलं तर आधी आतले बाहेर. हे सगळं त्यानं ऐकलं. शेवटची गोष्ट ऐकून मात्र त्याचा चेहरा बदलला: काहीही झालं तरी तू आत जायचं नाहीस.

“आत भाऊ पडला तरी?”

“तरी.”

“लोक काय म्हनतील? बघत हुबा ऱ्हायला म्हनतील.”

त्याचं खरं होतं. आमच्याकडं बघत उभा राहिलेला माणूस जन्मभर तोंड लपवत फिरतो, आणि उडी घेतलेल्याच्या फोटोला हार पडतो. मीसुद्धा अशा हारांच्या कार्यक्रमाला गेलोय, दोन शब्द बोललोय. त्या शब्दांत मी शौर्य म्हणालो होतो. आज म्हणणार नाही. मेलेल्यांचा अपमान करायचा नाही मला. ते प्रेमापोटीच गेले. पण ते शौर्य ऐकत मोठी झालेली पोरं माझ्या टाकीवर उभी असतात, आणि मेंदूला ऑक्सिजन नसला तर चार-पाच मिनिटांत कायमची इजा व्हायला लागते. अग्निशमनची गाडी एवढ्या वेळात कुठंच पोचत नाही. म्हणजे सुटका होईल ती तिथं आधीच उभ्या असलेल्या, शुद्धीवर असलेल्या माणसाकडून. तोच आत गेला तर ओढायला कुणी उरत नाही.

म्हणून मी एक नियम केला, जो कुठल्या पुस्तकात मी वाचला नव्हता: आतला आणि बाहेरचा एका घरचे नकोत. सख्खे नकोत, चुलत नकोत, मेहुणा-भावजी नकोत. माझ्या टोळीत हे जमवणं म्हणजे लग्नाची सोयरीक जुळवण्याइतकं अवघड काम आहे, पण जमवतो. परक्यासाठी माणूस दोर ओढतो. भावासाठी दोर टाकून उडी मारतो.

दोराचंही शिकावं लागलं. आम्ही आधी सोयाबीनचं पोतं टाकीत ठेवून ओढायचा सराव केला. सहज वर आलं, सगळे खूश. मग मी एका पोराला सांगितलं की बेशुद्ध झाल्यासारखा अंग सोडून पड. दोघांना तो मॅनहोलपर्यंतही आणता येईना. आणला तर हनुवटी अडकली, मग कोपर. कंबरेला बांधलेला दोर माणसाला मधून दुमडतो. त्यासाठी खांदे-मांड्यांतून जाणारा हार्नेस लागतो, ज्याची कडी पाठीवर वर असते, आणि मॅनहोलवर तिवई आणि गरारी लागते. बाजूच्या मॅनहोलमधून तर हे आणखी कठीण. तिथं आतल्यानं तोंडाजवळच काम करायचं आणि वरचं झाकणही उघडं ठेवायचं, एवढंच मला अजून सुचलंय. कंबरेच्या दोरानं वाकडीचा माणूस वाचला हे त्याचं नशीब. मी त्याच्या भरवशावर राहणार नाही.

पेट्रोल पंपांचं काम मी सोडून दिलं. म्हणजे माणूस उतरवून करायचं सोडलं. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल पाणी लवकर धरतं, टाकीत पाणी शिरलं तर थर वेगळे होतात, त्यामुळं टाक्या स्वच्छ ठेवायची गरज वाढली आणि मागणीही. पण पेट्रोलची वाफ हवेच्या तीन-चार पट जड, जमिनीखालच्या टाकीतून ती सहज निघत नाही, आणि नुसत्या पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानंही स्थिर वीज तयार होते. डिसेंबर १९६९ मध्ये मार्पेसा, मॅक्ट्रा आणि काँग हाकॉन सातवा ही तीन अजस्र तेलवाहू जहाजं एकाच महिन्यात टाक्या धुताना स्फोट होऊन फाटली; त्यानंतर जहाजांच्या टाक्यांत निष्क्रिय वायू भरायची पद्धत सक्तीची होत गेली. जिथं माणूस न उतरवता, बाहेरून नळीनं गाळ ओढून काम होतं, तिथं माणूस उतरवणं हाच गाढवपणा. हा प्रश्न खरं तर प्रत्येक टाकीला आधी विचारला पाहिजे. तेलगिरणीच्या जुन्या, आत कैच्या-पट्ट्या असलेल्या टाकीचं उत्तर अजून ‘उतरावं लागेल’ असंच येतं, म्हणून मी या धंद्यात आहे.

एका बाबतीत माझं मत जसंच्या तसं आहे. कागदाबद्दल. परमिटचं पुस्तक चहाच्या टपरीवर भरलं जातं, मीटर न सोडता २०.९ लिहिलं जातं, ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिनाच्या बॅनरसमोर नव्या कोऱ्या हेल्मेटांत फोटो निघतात आणि ५ तारखेला हेल्मेटं कपाटात. मला तेव्हाही हे थोतांड वाटायचं आणि आजही वाटतं. फरक एवढाच पडला की तेव्हा मी या थोतांडाकडं बोट दाखवून बाहेरच्या माणसाची अर्धी हजेरी वाचवायचो.

आता माझ्या कोटेशनमध्ये बाहेरच्या माणसाची हजेरी वेगळ्या ओळीत असते. मुद्दाम. काही मालक ती ओळ मान्य करतात, एक-दोघांनी तर विचारून घेतलं की तो नक्की काय करतो. काही जण पेनानं खोडतात आणि बाकीचा दर कबूल करतात. ती कामं मी घेत नाही. ती कामं होत नाहीत असं मात्र नाही. धाकटा भाऊ पूर्वी माझ्याबरोबर होता, दोन हंगामांपासून त्याची वेगळी टोळी आहे. त्याचं म्हणणं, माझं वय झालं, मी भित्रा झालो, आणि चार माणसांच्या दरात लातूरला कुणी उभं करत नाही. मी सोडलेली कामं तो तीन माणसांत करतो. आम्ही भांडलो, बोलणं बंद होतं, दिवाळीला पुन्हा सुरू झालं. कामावर जाताना मीटर माझ्याकडून नेतो, न चुकता परत आणून देतो. तिवई आणि हार्नेस घरातच पडलेले असतात; ने म्हटलं तर म्हणतो, “ते ओढायला माणूस लागतो की वो, दादा.”